हाळबावीचं पाणी

लोक हवापालटाला महाबळेश्वरला जातात, उटीला जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोटो दाखवून पिडतात. मी यंदा गेले ती एका वाडीचं नासलेलं पाणी बघायला. परत आले तेव्हा माझ्या ट्रंकेत सहा बाटल्या पाणी, चार पुरचुंड्या माती आणि एक फुटकी काचनळी होती. तरी गेल्या कित्येक वर्षांत मला एवढी मजा आलेली नाही. ती एकटीनं गिळून बसवेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी हैदराबादला एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासते. गावोगावच्या बाटल्या येतात, मी त्यांत औषधं घालते, रंग बघते, कागद भरते आणि खाली सही ठोकते. चार वर्षांत शेकडो गावांचं पाणी पाहिलं, पण गाव एकही पाहिलं नाही. हुणसेवाडीची बाटली अशीच दिवाळीच्या सुमारास आली होती. पाण्यात हिराकस, म्हणजे रंगात घालतात तो लोखंडाचा क्षार, इतकं होतं की मी बिनदिक्कत लिहून टाकलं, "हाळाच्या विहिरीचं पाणी रंगाच्या सांडपाण्यानं दूषित, पिण्यास अयोग्य." विहिरीशेजारी जनावरांना पाणी पाजायचं जे दगडी कुंड असतं, त्याला आमच्या आजोळी जालन्याकडे हाळ म्हणतात. मग तहसिलीतून पत्र आलं की कारण कळलं आहे, आता विहीर साफ करायला कुणीतरी पाठवा. ज्यांनी जायचं ते गृहस्थ लग्नाच्या रजेवर होते. मी हात वर केला, आणि साहेब नाही म्हणायच्या आत ट्रंक भरायला लागले.

सोबतीला कासिममियाँ. आमच्या प्रयोगशाळेचे हे जुने चपराशी, यांची हयात बाटल्या धुण्यात गेली. मोटारीत बसल्यापासून त्यांची कुरकुर सुरू. "बाईसाब, पानी देखने कू जंगल में कायकू जाना? पानी अपने पास चल के आता ना!"

राजेश्वर

सोलापूरच्या रस्त्यावरची मोटार धुरळा खात दुपारी राजेश्वरला पोचली आणि आम्हाला ट्रंकेसकट उतरवून निघून गेली. हुणसेवाडीच्या पाटलांची बैलगाडी येणार होती, ती नव्हती. चहाचं दुकान बंद. किराण्याचं दुकान बंद. एवढं मोठं गाव आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! हैदराबादमध्ये रस्ता असा ओस पडला तर आम्ही आधी खिडक्या लावून घेतो.

शेवटी एका ओट्यावर एक म्हातारेबुवा सापडले. त्यांनी आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"येळवस हाय आज, बाई! आज गावात कोन गावंल तुमास्नी? समदे शेतात गेलेत जेवायला. माजा पाय मोडलाय म्हणून मी हितं बसलोय."

मार्गशीर्षातल्या अमावास्येला या मुलखात झाडून सगळे घराला कुलूप लावून शेतात जातात, हे मला मराठी घरात जन्मूनही ठाऊक नव्हतं. एक उशिरा निघालेली गाडी देवासारखी आली. गाडीवानाला हुणसेवाडीच्याच शिवारात जायचं होतं. त्यानं आम्हाला दोन बिंदग्यांच्या मध्ये कोंबलं. बिंदगी म्हणजे घागरच, त्यांत आंबील होती. दर खड्ड्याला ती माझ्या पदरावर उडत होती आणि कासिममियाँ दोन्ही हातांनी काचसामानाची ट्रंक कवटाळून अल्लाचं नाव घेत होते.

आणि शिवार काय दिसत होतं! कमरेपर्यंत हरभरा, त्यापलीकडे शेंगांनी वाकलेली तूर आणि मधून मधून कडब्याच्या कोप्या. प्रत्येक कोपीपुढे माणसांचा घोळका. जो तो आरोळी देऊन आपल्याकडे बोलावत होता. ओळखपाळख विचारायची पद्धतच नाही. आमच्या गल्लीत समोरच्या घरी काय शिजलंय हे वासावरून ओळखायचं, इथं हाताला धरून पानावर बसवतात.

हुणसेवाडीचे माली पाटील, म्हणजे वसुलीचे पाटील, शिवाप्पा साठीचे, धिप्पाड आणि पांढऱ्या मिशांचे. गाडी पाठवायची विसरलो म्हणून त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यासारखं केलं आणि मला भज्जी वाढली. ही भज्जी म्हणजे आपली कांद्याची नव्हे. तुरीचे दाणे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, वांगी, चिंच आणि बेसन एकत्र शिजवलेली ती एक अख्ख्या शेताची भाजी असते. मी तीन वेळा घेतली. आंबील पुढे आली तेव्हा मात्र माझ्यातली पाणीतपासनीस जागी झाली.

"हिच्यातलं पाणी कुठल्या विहिरीचं?" मी विचारलं.

"शेतातल्या बावीचं हाय, बिनघोर प्या," पाटील म्हणाले. "वाडीतल्या बावीचं पाणी तुमचा कागद आल्यापासनं कोन बी पीत न्हाई. बायका हितनं डोईवर नेतेत. माजा नातू त्याच पाण्यानं म्हैनाभर हगवणीनं सुकला. पर तुमच्या कागदानं काम फत्ते झालं बगा. रंगारीण संक्रांतीला वाडी सोडायलीय. तहसिलीचा हुकूमच हाय."

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! चार वर्षं सह्या केल्या, पण माझ्या सहीनं कुठं काही हललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी आंबिलीचा लोटा एका दमात संपवला.

दोन बावी

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या विहिरीच्या काठावर, जनावरांच्या दगडी हाळाशेजारी, मी माझं दुकान मांडलं. परीक्षानळ्या, थेंबनळ्या, औषधांच्या बाटल्या. सगळी वाडी गोळा झाली. मी जरा ऐटीतच सांगितलं, "या पाण्यात मी आता औषध घालीन. पाणी निळं झालं की समजायचं, रंगातलं हिराकस यात उतरलंय."

घातलं. पाणी होतं तसं राहिलं.

पुन्हा घातलं. नाही. नळी बदलली, बाटली बदलली, कासिममियाँवर ओरडले. पाणी ढिम्म! जमलेल्या बायका पदराआड हसायला लागल्या.

"निळं व्हायची वाट बगायलाव व्हय, बाई? न्हाई व्हायचं."

गर्दीपासून दूर, चिंचेखाली एक चाळिशीची बाई उभी होती. उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत हात शाईत बुडवल्यासारखे काळे. हीच ती शांताक्का रंगारीण. ती पुढे आली, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि हिरड्याची पूड माझ्या नळीत टाकली.

"हिरड्याला हिराकस भेटलं की काळंकुट्ट पडतंय. संक्रांतीच्या चंद्रकळा मी अशाच रंगविते. कुटं पडलं काळं? ह्या बावीत माजं हिराकस न्हाईच. रोज तपासते मी. सांगितलं समद्यास्नी, पर माज्या हिरड्याला कागद न्हाई ना."

मी बघतच राहिले. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकसातलं लोखंड यांची शाई होते, हे मला कॉलेजात जाऊन कळलं होतं. ही बाई तीच परीक्षा चुलीपुढे करत होती.

"मग माझ्या बाटलीत कुठून आलं?" मी म्हटलं. "हाळाच्या विहिरीचंच तर पाणी होतं!"

"हाळ बावी?" शांताक्काचे डोळे विस्फारले. "अवं, हाळ बावी ही न्हवं! ती माज्या घरामागं, उताराला. पडकी हाय. सांडपाणी तितं ओतायचं हे पंचानीच ठरवून दिलंय सासऱ्याच्या वक्ताला!"

ती मला ओढतच घेऊन गेली. ओढ्याकडच्या उतारावर एक ढासळलेली विहीर होती, पाणी काळं. मी थेंब टाकला मात्र, नळीत असा गर्द निळा रंग उमलला की मी टाळीच वाजवणार होते. मग लक्षात आलं. हेच पाणी होतं ते. हीच बाटली.

बाटली भरून पाठवणारे शाळेचे गुरुपादप्पा मास्तर आळंदकडचे, मूळ कानडी. ते शांतपणे म्हणाले, "हाळ म्हणजे हाळच की, बाई. आमच्यात मोडलेलं, नासलेलं त्याला हाळ म्हणतात. ताडून बघता यावं म्हणून मी दोन बाटल्या पाठवल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं 'हाळ बावी', दुसरीवर 'सीनीर बावी'. सीनीर म्हणजे गोडं पाणी. तुमचा कागद तहसिलीतच राहिला, मी तो पाहिलाच नाही."

"हौ बाईसाब," कासिममियाँ खाली बघत पुटपुटले, "एक बोतल रस्ते में फूट गई थी. मैंच फेंका उसकू."

चिठ्ठीवर स्पष्ट 'हाळ बावी' होतं. त्याची 'हाळाची विहीर' मी केली होती. भाषा शुद्ध करायची हौस! एका प्रत्ययापायी मी एका बाईला गावाबाहेर काढायला निघाले होते.

शांताक्काच्या अंगणात जमिनीत पुरलेले सहा रांजण होते. चार काळ्या रंगाचे, दोन निळीचे. निळीच्या रांजणावर ती वाकली, वास घेतला आणि फडकं झाकलं. "ही जित्ती असते, बाई. गूळ लागतोय, चुना लागतोय, ऊब लागती. रांजण उकरला की नीळ मरती. हे सासऱ्याच्या हातचं हाय. दुसरीकडं जाऊन काय करू मी? कुनाच्या जिवावर?"

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तिनं मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "रडून पाणी सुधारतंय व्हय?" एवढंच म्हणाली.

पाटलांचा खड्डा

पाटलांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझी चूकसुद्धा. त्यांनी मिशा पुसल्या.

"तुमी खरं बोललाव, बरं झालं. पर बावी खराब हाय हे तर खरं ना? माजा नातू काय सोंग करत हुता? तिनं न्हाई तर कुनी? दुसरं कारन दावा, मग हुकमाचं बगू. न्हाईतर कागद तो कागद."

आता मला सुरसुरीच आली. चुकीचं कारण काढलं होतं, तर खरंही मीच काढणार! वाडीच्या विहिरीच्या पाण्यात मी दुसरं औषध घातलं, शेणामुताचा अंश दाखवणारं. पाणी पिवळं झालं, मग कोऱ्या चहासारखं तांबूस. मी मान वर करून चढाकडे पाहिलं. विहिरीपासून तीसेक पावलांवर पुरुषभर उंच उकिरडा होता. वाडीतला सर्वांत मोठा, आणि तो माली पाटलांचा.

"त्यो उकिरडा?" पाटील भडकलेच. "आमच्यात सोयरीक करायला आलेला मानूस आदी उकिरडा बगतो, मग पोरगी! आज्याच्या वक्तापासनं तितंच हाय. तवा कामून न्हाई नासलं पाणी?"

प्रश्न बिनतोड होता. मी उकिरड्याभोवती फिरले, माती उकरली, वास घेतला, चिमटीत चोळली. नाकाला पदर लावून बायका माझ्याकडे वेडीकडे बघावं तशा बघत होत्या. आणि खड्ड्याच्या तळाशी मला काळ्या मातीखालचा तांबडा मुरूम दिसला, फोडलेला.

"हा खड्डा कधी खोल केला?"

"औंदा," पाटील जरा हळू बोलले. "तालुक्याला भाषनात सांगितलं कुनीतरी, खड्डा खोल करा, खत चांगलं हुतंय. मुरूम लागंस्तोवर खणला."

काळी माती पाणी धरून ठेवते, मुरूम ते वाहू देतो. पण हे म्हणणं झालं. दाखवायचं कसं? मला वाटलं, शांताक्काचा भडक गुलाबी रंग खड्ड्यात ओतू. विहिरीत गुलाबी उतरलं की झालं! मी तिला धावत जाऊन सांगितलं. ती हसलीच.

"काळी माती रंग पिऊन बसती, बाई, सोडत न्हाई. माजं अंगन बगा, तीस वर्सं रंग सांडायलाय, इतभर खाली माती कोरी हाय. मीठ टाका. मीठ कापडाला बी धरत न्हाई न् मातीला बी न्हाई धरायचं."

माझ्याजवळ पदवी होती, औषधांची ट्रंक होती, आणि अक्कल तिच्याजवळ होती.

थेंब

रंगासाठी ठेवलेलं अर्धं पोतं मीठ तिनं स्वतः दिलं. बायकांनी शेतातून घागरीमागून घागरी आणून ते खड्ड्यात विरघळवून ओतलं. आता विहिरीचं पाणी खारट होतं का ते बघायचं. रीत सोपी आहे. पाण्यात एक पिवळं औषध घालायचं, वरून चांदीचं औषध थेंबाथेंबानं सोडायचं, पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत. जितकं मीठ जास्त, तितके थेंब जास्त लागतात. मीठ ओतायच्या आधी नऊ लागले होते.

संध्याकाळी मोजले, नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊ. पाटील मान हलवून घरी गेले. शांताक्का विहिरीच्या कठड्याला टेकून बसून राहिली. तिच्या रांजणांना त्या दिवशी तिनं हात लावला नाही.

दुपारी दहा. मला वाटलं, हात हलला असेल. पुन्हा केलं, दहा! घटकाभरानं तेरा. आता बातमी फुटली आणि माणसं धावत आली. मी थेंब सोडत होते आणि सगळी वाडी मोजत होती, निम्मी मराठीत आणि निम्मी कानडीत. "सोळा!" "हदिनारु!" "सतरा!" मध्येच दोन्ही बाजूंची गाडी चुकली आणि भांडण लागलं. एक म्हातारी म्हणे अठरा, मास्तर म्हणत एकोणीस. कासिममियाँनी दोन्ही हात वर करून निवाडा दिला, "अठरा! मैं गिन्या!" आणि त्यांना आपला तळवा दिसला. चांदीचं औषध सांडून उन्हानं तो काळाठिक्कर पडला होता. "या अल्ला, मेरे हाथ कू क्या हुआ!" शांताक्कानं आपला काळा हात त्यांच्या हाताशेजारी धरला. "काय न्हाई झालं, चाचा. आता तुमी बी रंगारी." वाडी लोटपोट हसली.

उन्हं कलायच्या आधी सव्वीस थेंब लागले. मी नळी उंच धरली. हसणं हळूहळू थांबलं आणि सगळ्यांच्या माना पाटलांकडे वळल्या.

पाटलांनी स्वतः पोहऱ्यानं पाणी काढलं, जिभेवर घेतलं आणि थुंकलं. मग ते उकिरड्याकडे वळले. "माज्याच हातानं पाजलं की पोराला," ते एवढंच बोलले. मग एकदम अंगावर ओरडले, "कामून गप हुबारलाव समदे? पाट्या आना! खोरी आना!" पहिली पाटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात कधी केलं नाही इतकं काम केलं. उकिरडा गाड्यांनी शेतात गेला. खड्ड्यातली ओली, हिरवट माती आम्ही कोरडी माती लागेपर्यंत खरवडली, त्यात चुना पसरला आणि वर काळी माती धोपटून बसवली. दोन मोटा लावून विहीर उपसली, तीन वेळा. गाळ काढला आणि ब्लिचिंग पावडर सोडली. रोज ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ताज्या हरभऱ्याची भाजी. माझे हात फोडांनी भरले आणि मी ते प्रत्येकाला दाखवत फिरले. शेवटच्या दिवशी शेणामुताचं औषध घातलं तर नळीत जेमतेम पिवळी झाक दिसली. पुढच्या बाटल्या मास्तर पाठवणार आहेत, आणि चिठ्ठीवरचा शब्द मी आता मराठी, कानडी, उर्दू तिन्हींत मागितला आहे.

निघायच्या दिवशी चावडीवर मी नवा अहवाल वाचून दाखवला. पहिला अहवाल चुकीचा होता, चूक तपासणारीची होती, रंगकामाचा वाडीच्या विहिरीशी संबंध नाही. मास्तरांनी कानडीत सांगितलं. पाटील म्हणाले, "शांताक्का, तुजे रांजण हायेत तितंच ऱ्हातील. तहसिलीला मी जातो." मला वाटलं, आता ती हसेल. ती माझ्या कागदाकडे बघत होती.

"बाई, पयल्या कागदावर कुनाचं नाव हुतं?"

"माझं," मी म्हटलं.

"न् ह्याच्यावर?"

"माझंच."

"मीठ कुनी सांगितलं?"

मी पेन उघडलं आणि 'तपासणी करणार' या रकान्यात माझ्या नावाच्या वरती, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात, तिचं नाव लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

हैदराबादला साहेबांनी अहवाल चाळला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "या शांताबाई रंगारी कोण? कुठल्या खात्यातल्या? पदवी काय त्यांची? हे नाव काढावं लागेल."

"मग माझंही काढा, साहेब," मी म्हटलं. "मी चुकले होते, त्या चुकल्या नव्हत्या."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला, अगदी सावकाश, आणि खाली शिक्का मारला. अहवाल दोन्ही नावांनिशी तहसिलीला गेला. वरती तिचं, खाली माझं.